५५ पौंडाचं धनुष्य घेऊन फसलोय, ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) किती ठेवावं? (हरणाची शिकार, रिकर्व्ह)

मॅडिसनकर | ११ जून

राम राम मंडळी. इथे ट्रेकिंग, बागकाम, सायकल सगळ्याचे धागे आहेत, धनुष्यबाणाचा दिसला नाही म्हणून नवीन काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी विस्कॉन्सिनमधे मॅडिसनजवळ राहतो. ऑफिसातल्या दोघांच्या नादाने हरणाच्या शिकारीचं वेड लागलं. एचवनवर बंदुकीचे नियम वाचत बसणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून धनुष्य. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला (१ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच). मित्र कंपाउंडवाले, पुल्या, साइट, रिलीज सगळा सरंजाम. मला ते यंत्र नको होतं, साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), बोटांनी ओढायचं आणि डोळ्याने मारायचं. एकाकडून वापरलेलं सॅमिक सेज घेतलं, ६२ इंची, तीन तुकड्यात सुटणारं. लिंब्जवर (धनुष्याच्या वरखालच्या वाकणाऱ्या पात्यांवर) लिहिलंय ५५ पौंड ॲट २८. विकणारा म्हणाला हरणाला ५० च्या खाली काही चालत नाही, मित्र म्हणाले आम्ही ७० ओढतो तुला ५५ झेपणार नाही का, आणि मलाही वाटलं की रोज जिमला जातो आपण, होईल.

तीन आठवडे झाले. पहिले पाचसहा बाण बरे जातात, मग हात थरथरायला लागतो, दोरी गालाला लागायच्या आधीच सुटते आणि बाण डावीकडे खाली. काल एक टारगेटच्या बाजूने जाऊन शेजारच्यांच्या शेडच्या भिंतीत घुसला, शेजारचे आजोबा तो उपटून घेऊन आले आणि वर म्हणाले नाइस शॉट. उजव्या कुशीवर झोपलं की खांदा ठणकतो. सीझन सप्टेंबरच्या मध्याला सुरू. ताकद वाढवू का धनुष्य बदलू? उंची ५ फूट ६, वय ३६.

हुरडापार्टी | ११ जून

आधी शेडचं. टारगेटच्या मागे मातीचा ढिगारा किंवा निदान जाड रबराची मॅट लाव, आणि ती लागेपर्यंत एकही बाण सोडू नकोस. आजोबा हसले म्हणून वाचलास.

आता मूळ प्रश्न. मी मिशिगनमधे, रिकर्व्ह आणि लॉंगबोवर पंधराएक वर्षं घालवलीत आणि त्यातली पहिली तीन तुझ्यासारखीच वाया घालवलीत. ५५ ॲट २८ याचा अर्थ २८ इंच ओढलं तर ५५. हे २८ इंच म्हणजे बाणाच्या खाचेपासून ग्रिपच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच, अशी जुनी ठरलेली पद्धत आहे. तुझ्या उंचीच्या माणसाचा ड्रॉ, म्हणजे ओढायचं अंतर, २८ नसणार. इंचामागे दोनअडीच तीन पौंड कमी धर. म्हणजे तू नक्की किती ओढतोयस हे तुलाच माहीत नाहीये, ते आधी मोज.

मोजायचं कसं, तर भारतात जाताना बॅगा तोलायचा हूकवाला डिजिटल काटा घरात असेलच. हूक दोरीत अडकव, बाणावर तुझ्या ड्रॉच्या जागी टेप लाव, आणि काट्याला धरून टेपपर्यंत ओढ. मग हळू परत आण. रिकामी दोरी सोडायची नाही कधी, लिंब्ज तडकतात.

मॅडिसनकर | १२ जून

मोजलं. बायकोला बाणावर टेप बघायला उभं केलं. ड्रॉ साडेसव्वीस इंच. काटा म्हणतो २३.२ किलो, म्हणजे ५१ पौंड. बायको म्हणाली ओव्हरवेट आहे, काउंटरवर उघडायला लावतील.

हुरडापार्टी | १२ जून

वहिनींना दंडवत. आता बघ, ती २३ किलोची बॅग तू आपण उचलतो तशी उचलत नाहीयेस, तीन बोटांच्या पेरांवर लटकवून पाठीने मागे ओढून गालाला लावून धरून ठेवतोयस, आणि ती धरलेली असताना बारीकशा जागेवर नजर खिळवायचीये. तुझे मित्र ७० म्हणतात ते खरं पण त्यांच्या पुल्यांमुळे शेवटाला ८० टक्के भार गळतो. त्यांच्या हातात उरतात १४ पौंड. तुझ्या हातात पूर्ण ओढल्यावर सगळ्यात जास्त असतात. ही तुलनाच चुकीची आहे, पण दुकानात आणि ऑफिसात तीच करतात.

बाण डावीकडे खाली जातो त्याचंही कारण तेच. ओढ अपुरी राहिली की बाणाला जोर कमी मिळतो म्हणून खाली, आणि जोर कमी पडला की तोच बाण जास्त ताठ वागतो म्हणून उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे. नेम चुकत नाहीये तुझा.

सेजचे लिंब्ज पाचपाच पौंडांच्या टप्प्यात मिळतात. ३० चे घे, आणि ४० चे सांगून ठेव. रायझर, म्हणजे मधला मुठीचा तुकडा, तोच.

झणझणीत_टेक्सास | १२ जून

३० ने हरीण नाही मरत, गुदगुल्या होतात. जुने नावाजलेले धनुष्य-शिकारी बघ, फ्रेड बेअर ६५ पौंडाचं वापरायचा, हॉवर्ड हिलने तर हत्तीसाठी शंभराच्या वरचं वापरलं. मी स्वतः ५५. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, रोज ओढत रहा, शरीर शिकतं. हलक्या धनुष्याने जखमी करून सोडलेलं हरीण बघितलंय मी, दोन दिवस शोधत होतो, ते जास्त वाईट.

हुरडापार्टी | १२ जून

झणझणीतराव, ३० शिकायला सांगितलंय, शिकारीला नाही. आणि फ्रेड बेअर, हिल ही माणसं आयुष्यभर तेच करत होती हो. त्याच परंपरेतलं दुसरं टोक घ्या, इशी. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला जंगलातून बाहेर आलेला याही जमातीचा शेवटचा माणूस, ज्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुष्य शिकले. त्याचं शिकारीचं धनुष्य पंचेचाळीस पौंडांच्या आसपासचं, आणि तो हरणाच्या इतकं जवळ जायचा की त्याहून जास्तीची गरजच नव्हती.

जखमी हरणाचं म्हणाल तर मीही एकदा शोधलंय. माझ्याच ६० पौंडांच्या लॉंगबोने. जोर भरपूर होता, बाण पोटात लागला होता कारण थंडीत मला पूर्ण ओढताच आलं नव्हतं. त्या रात्री नंतर ते धनुष्य भिंतीवर गेलं.

दुखरी_नस | १३ जून

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. धनुष्यातलं काही कळत नाही पण "त्या कुशीवर झोपलं की ठणकतं" हे वाचून लिहितेय. खांद्याच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूचा कंडरा जातो, खांदा वर उचलला जाऊन जोर लावला की तो तिथे चेमटतो. जिममधली ताकद इथे फसवते. स्नायू दोनतीन महिन्यात तयार होतात, कंडरे त्यापेक्षा खूप हळू, त्यामुळे माणसाला वाटतं आता झेपतंय आणि नेमकं तेव्हाच दुखणं धरतं. "रोज ओढत रहा" हा सल्ला कृपया दुखऱ्या खांद्याने पाळू नये. दोन आठवडे पूर्ण बंद, मग रबर बँडने पाठीचे व्यायाम, दोन्ही हातांनी. तरी राहिलं तर तिथल्या डॉक्टरला दाखवा, धाग्यावर निदान होत नाही.

शाकाहारी_चित्ता | १३ जून

हे सगळं वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि आपलीच शिकली सवरलेली मुलं तिकडे जाऊन हरणं मारतात आणि वर त्यावर चर्चा.

मॅडिसनकर | १३ जून

चित्ताजी, राग समजू शकतो, माझ्या आईचंही हेच म्हणणं आहे. इथे हरणं इतकी आहेत की रात्री गाडी चालवताना रोज रस्त्यावर येतात, राज्य सरकार स्वतःच मादीचे परवाने देऊन संख्या आवरतं. मी दुकानातलं मटण खातो, ते कुठून येतं ते बघायचं एकदा तरी एवढंच डोक्यात आहे. पण यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे खांदा दुखतोय.

सातारी_कंदी | १४ जून

शिकारीत रस नाही पण धनुष्य आमच्या घरातलं आहे, पुतणी खेळते म्हणून लिहितो. आमच्या जिल्ह्यात आता प्रत्येक पोराला आदिती स्वामी व्हायचंय, २०२३ ला बर्लिनला ती आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाउंडचे वर्ल्ड चॅम्पियन झाल्यापासून तर फारच. आणि फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, तो रिकर्व्हवाला, टोकियो ऑलिंपिकला गेलेला. पालक येतात ते पहिला प्रश्न काय विचारतात, पाउंडेज किती. जसं काही मार्क आहेत.

आमचे सर पुतणीला बांबूच्या इंडियन राउंडच्या धनुष्यावर ठेवून होते, त्याआधी तर नुसता थेराबँड. पाउंडेज वाढवायची त्यांची पद्धत अशी की दिवसाचे शंभरेक बाण मारून झाले की शेवटचे सहा बघायचे. पहिले सहा ते बघतच नाहीत, तेव्हा चहा पितात. शेवटच्या सहात कोपर खाली येत नसेल, हनुवटी दोरीला भेटायला पुढे जात नसेल तर दोन पौंड वाढ. नाही तर पुढच्या महिन्यात. आणि हो, स्पर्धेत कंपाउंडलासुद्धा ६० पौंडाच्या वर परवानगी नाही. जगज्जेते ६० च्या आत मारतात, तुम्हाला ५५ कशाला हवंय नक्की?

धडगाववाला | १४ जून

मस्त धागा. आमच्याकडे नंदुरबार भागात भिलांच्या घरात तीरकामठा अजून असतो, आता शिकारीला नाही, पण असतो. दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची. अंगठा न लावता पहिल्या दोन बोटात बाण धरतात, एकलव्याचा मान म्हणून. माझ्या वडिलांच्या मित्राने मला एक गोष्ट शिकवली होती, कामठा उकिडवं बसून ओढायचा. उभ्याने कोणीही अंगाचा झोक देऊन ओढतं. बसून ओढला तर खरं कळतं.

हुरडापार्टी | १४ जून

धडगाववाले, लाख बोललात. मॅडिसनकर, हे करूनच बघ. प्लास्टिकच्या स्टुलावर बस, पाय जमिनीवर, धनुष्य थेट टारगेटकडे रोखून ओढ, आकाशाकडे करून खाली आणायचं नाही. गालाला टेकव, सावकाश दहा मोज. मग बाण न सोडता तितक्याच सावकाश दोरी परत आण. हे परत आणणं सगळ्यात अवघड आहे आणि कोणीच त्याचा सराव करत नाही. झाडावरच्या स्टँडमधे तू बसलेला असणार, वळून, जाड जॅकेटमधे, दोन तास न हललेला, आणि हरीण काय तुझ्या सोयीने उभं राहणार आहे का.

मिनेसोटाची_माई | १५ जून

मी उशिरा आले. माझं ३८ पौंड आहे, माझ्या ड्रॉवर मोजलेलं ३८, लिंब्जवर लिहिलेलं नाही. सहा हरणं झाली त्याच्यावर. इथे मिनेसोटात कायद्याने ३० लागतात, विस्कॉन्सिनला पण ३०, पेनसिल्व्हेनिया आणि कोलोरॅडोत ३५, अलास्कात मूससारख्या मोठ्या जनावराला ५०. आपापल्या राज्याचं पुस्तक दरवर्षी बघून घ्यायचं.

पण झणझणीतरावांची काळजी खोटी नाही. ३८ पौंडात चुकीला जागा कमी असते, त्यामुळे बाकी सगळं काटेकोर ठेवावं लागतं. बाण जड घ्यायचा. मॅडिसनकरांना ३७ च्या आसपास पडले तर साडेचारशे ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) तरी, म्हणजे ओढीच्या पौंडामागे बारा. जड बाण हळू जातो पण शिरला की थांबत नाही. फळ दोन पात्यांचं, साधं, टोकापासूनच कापत जाणारं, आणि हातावरचे केस निघतील इतकी धार. उघडणारी मेकॅनिकल फळं हलक्या धनुष्याला अजिबात नकोत, बराच जोर ती उघडण्यातच जातो. आणि बाण बदलावे लागतील हं, ५५ ला घेतलेले ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा) ४० वर काठीसारखे ताठ वागतील, ६०० पासून बघायला सुरुवात करा. स्पाइनचा आकडा मोठा तितका बाण लवचिक, मला हे उलटं आहे हे कळायला एक सीझन गेला.

अंतर पंधरा यार्ड, त्यापुढे मी बघते फक्त. हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं, समोरून कधीच नाही. वेगाच्या नादाला लागू नका. असा बाण सेकंदाला १६० फूट जातो, २० यार्डाला एक तृतीयांश सेकंदाहून थोडं जास्त लागतं, दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात. ५५ घेतलंत तरी आवाजाच्या पुढे जात नाही, कोणीच जात नाही. दोरीला लोकरीचे गोंडे बांधा, जवळून मारा.

झणझणीत_टेक्सास | १५ जून

माईंचा प्रतिसाद पटला. तरी एल्कला मी ५० च्या खाली जाणार नाही.

मिनेसोटाची_माई | १५ जून

एल्कला मीही नाही जाणार. म्हणून मी एल्कला जातच नाही :)

मॅडिसनकर | २४ ऑगस्ट

धागा वर काढतोय. दोन आठवडे काही ओढलं नाही, मग दुखरी_नस यांनी सांगितलेले बँडचे व्यायाम, मग ३० चे लिंब्ज. पहिल्या दिवशी हसू आलं, खेळण्यासारखं वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तोंडाच्या कोपऱ्याला मधलं बोट टेकतं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं, ५५ वर मी कधी तिथे पोचलोच नव्हतो. इतके दिवस मी धनुष्य मारत नव्हतो, त्याच्या तावडीतून सुटत होतो.

४० चे लिंब्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावले. काटा १६.६ किलो, साडेछत्तीस पौंड. हँडबॅगेपेक्षा जड, चेकइनपेक्षा हलकं. स्टुलावर बसून दहा मोजता येतात, चाळीस बाणांनंतर सात. शेवटचे सहा बाण मी बघतो आणि बायको चहा पिते. खांदा शांत. १५ यार्डाला सगळे ताटाएवढ्या गोलात, २० ला परातीएवढ्या, म्हणून २० बाद.

एक सवय मात्र जात नाहीये. दोरी गालाला लागली रे लागली की बोटं आपोआप सुटतात. ५५ ची देणगी.

हुरडापार्टी | २४ ऑगस्ट

ती जायला वर्ष लागेल. दहातले पाच वेळा ओढून बाण न सोडता परत आण. कोऱ्या टारगेटसमोर दोन यार्डावर उभा रहा आणि डोळे मिटून मार, नेम नाहीच म्हटल्यावर घाई राहत नाही. अवांतर: नोव्हेंबरच्या जॅकेटमधे आत्ताच घाम गाळत सराव कर, डाव्या बाहीला दोरी घासते का बघ.

मॅडिसनकर | ९ नोव्हेंबर

बाहीला घासते. हे ऑगस्टमधे कळलं म्हणून बरं, आता बाहीवर जुन्या मोज्याची नळी चढवतो. जॅकेटमुळे ड्रॉ अर्धा इंच कमी होतो, काटा १६ किलोच्या जरा खाली, म्हणजे ३५. तरी कायद्याच्या वर.

काल पहाटे उणे चार. हार्नेस बांधून स्टँडवर अडीच तास, पायाची बोटं कुठे आहेत कळत नव्हतं. एक मादी ओकच्या मागून आली, अकरा बारा यार्ड. तिचं डोकं खोडाआड गेलं तेव्हा ओढलं. ती पुढे येणार म्हणून धरून बसलो. ती थांबली. खांदा नेमका खोडामागे, मला फक्त पोट आणि शेपूट. आत मोजत होतो, पाच, सहा, सात, आठ. नवाला दोरी हळूहळू परत आणली. आवाज नाही झाला. तिने पानं हुंगली, शेपूट हलवली आणि ज्या बाजूने आली होती त्याच बाजूने परत गेली.

बाण भात्यात. हात मात्र नंतर दहा मिनिटं थरथरत होता, वजनाने नाही.

झणझणीत_टेक्सास | ९ नोव्हेंबर

अरे पोटात तरी... नाही, बरोबर केलंस. मी असतो तर सोडला असता. ५५ आठ सेकंद धरून परत आणणं मला जमत नाही, आत्ता तुझं वाचून करून बघितलं, चार.

शाकाहारी_चित्ता | १० नोव्हेंबर

मादी परत गेली हे वाचून आनंद झाला. धागा फॉलो करतोय, का ते विचारू नका.

मॅडिसनकर | २ डिसेंबर

चित्ताजी, हे वाचू नका.

शनिवारी संध्याकाळी, १३ यार्ड, आडवी मादी. मोजलं नाही, पण बायको म्हणते तसं "तीन पर्यंत तरी" धरलं असेल. बाण बरगड्यांतून आरपार जाऊन पलीकडे पानात उभा होता, पिसांपर्यंत लाल, रक्तात बुडबुडे. अर्धा तास घड्याळाकडे बघत वर बसून राहिलो. ऐंशी पावलांवर सापडली. खाली बसलो तिच्याशेजारी थोडा वेळ, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

नोंदणी ऑनलाइन केली, आणि डोक्याचा नमुना तपासणीला दिलाय. आमच्या भागात, माउंट होरेबच्या बाजूला, २००२ पासून हरणांमधे सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) आहे, रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमधे. रिपोर्ट चांगला आला तर कांदाखोबऱ्याच्या वाटणात, चरबी नसते म्हणून तेल जरा सढळ.

मिनेसोटाची_माई | २ डिसेंबर

अभिनंदन! आरपार गेला ना ३५ ने? मटण आदल्या रात्री दह्यात ठेवा, आणि कुकरच्या शिट्ट्या बोकडापेक्षा कमी.

झणझणीत_टेक्सास | ३ डिसेंबर

अभिनंदन रे. ते ५५ चे लिंब्ज पडून असतील तर विकतोस का? माझ्याकडे सेजच आहे, एक जोडी जादा असलेली बरी.

मॅडिसनकर | ३ डिसेंबर

फुकट घे, पाठवायचा खर्च दे फक्त. पण आधी तुझ्या ड्रॉवरचा काट्याचा फोटो टाक.

झणझणीत_टेक्सास | ३ डिसेंबर

काटा नाहीये माझ्याकडे.

हुरडापार्टी | ३ डिसेंबर

मराठी माणूस, अमेरिकेत, आणि घरात बॅगेचा काटा नाही. बरं बरं.